एका सेकंडहँड आलिशान जहाजाची फेरी, आणि आपल्या द्राक्षांचं भाडं

हल्ली रील्सवर एक नवा प्रकार बघायला मिळतो. जुनी आलिशान यॉट विकायला निघालेली असते आणि सुटाबुटातला एखादा दलाल कॅमेरा घेऊन आपल्याला आतून फिरवतो. हा वरचा डेक, ही जेवणाची खोली, हा मालकाचा बेडरूम, ही संगमरवरी न्हाणीघरं, आणि शेवटी किंमत, इतके इतके मिलियन. आपण नाशिककर. आपल्याकडे समुद्र नाही, बोटीची सगळी हौस गंगापूर धरणावर भागते. तरी रात्री अकरा वाजता अंथरुणावर पडून आपण ते व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. बघायला पैसे पडत नाहीत.

अशीच एक यॉट आपल्या देशात फार गाजली होती. विजय मल्ल्यांची 'इंडियन एम्प्रेस'. ९५ मीटर लांब. २००० साली बांधलेली, म्हणजे २००६ मध्ये मल्ल्यांनी घेतली तेव्हा तीही सेकंडहँडच. तिच्यावरच्या पार्ट्यांचे फोटो वर्षानुवर्षं छापून आले. मग मार्च २०१८ मध्ये माल्टाच्या बंदरात ती अडकवून ठेवली गेली, कारण काय, तर खलाशांचे पगार थकले होते. रक्कम दहा लाख डॉलरच्या वर. शेवटी कोर्टामार्फत विक्री झाली आणि साडेतीन कोटी युरोला ती दुसऱ्याच्या मालकीची झाली. तिची गोष्ट एवढीच.

पण जवळजवळ याच नावाचं दुसरं एक जहाज होतं. 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. तेही आलिशान, तेही आपल्या माणसांनी सेकंडहँड घेतलेलं. त्याची रील निघणार नाही, कारण त्याला भंगारात जाऊन शंभर वर्षं उलटली. पण दरवर्षी ५ एप्रिलला देश जो राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याच जहाजामुळे. आणि त्याच्या मागचा माणूस आपल्या जिल्ह्यालाही चांगला माहीत आहे. म्हणून म्हटलं, आज दलालाचं काम मी करतो. चला, तुम्हाला या जहाजाची फेरी मारून आणतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी बाहेरून बघू

जहाज इंग्लंडमधल्या बॅरो गावी बांधलं गेलं. ३० ऑगस्ट १८९० रोजी पाण्यात सोडलं. लांबी सुमारे १३९ मीटर, म्हणजे मल्ल्यांच्या यॉटच्या जवळजवळ दीडपट. अंग पांढरंशुभ्र. तीन डोलकाठ्या, दोन धुरांडी. पुढचं टोक, ज्याला आपले कोकणातले खलाशी नाळ म्हणतात, ते जुन्या शिडाच्या जहाजांसारखं बाकदार. जुने फोटो पाहिले तर आजही नजर ठरते. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. रेल्वे कंपनीने जहाज कशाला बांधावं? कारण त्यांची गाडी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हरला संपायची. तिथून पुढे जपान, शांघाय, हाँगकाँगचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हाती का द्यायचं? म्हणून एकसारखी तीन जहाजं बांधली. एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना.

नावाची गंमत बघा. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' म्हणजे भारताची सम्राज्ञी, म्हणजे राणी व्हिक्टोरिया. पण या जहाजाच्या नेहमीच्या मार्गात हिंदुस्थान नव्हताच. नाव आपलं, मार्ग त्यांचा, नफा त्यांचा.

वरचा डेक आणि दिवाणखाना

आता वर चढा. लांबच लांब मोकळा डेक, फेऱ्या मारायला, खुर्ची टाकून समुद्र बघत बसायला. पहिल्या वर्गाच्या खोल्या जहाजाच्या मधोमध, कारण तिथे हेलकावे कमी बसतात. जेवणाचा मोठा दिवाणखाना, वाचनाची खोली, पुरुषांसाठी धूम्रपानाची खोली. विजेचे दिवे. १८९१ मध्ये विजेचे दिवे म्हणजे काय चीज असेल, ती कल्पना करा. वाढायला चिनी नोकर, हुकूम द्यायला गोरे अधिकारी. पहिल्या वर्गात सुमारे १२० माणसं, दुसऱ्या वर्गात ५०.

याच डेकवर जुलै १८९३ मध्ये एक भगवा फेटेवाला हिंदी संन्यासी थंडीने कुडकुडत उभा होता. स्वामी विवेकानंद. शिकागोच्या धर्मपरिषदेला निघालेले. मुंबईहून ३१ मे रोजी निघाले, जपानला पोहोचले आणि १४ जुलैला योकोहामाहून याच 'एम्प्रेस ऑफ इंडिया'वर चढले. अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते. २५ जुलैला व्हँकूव्हरला उतरले.

त्याच जहाजावर दुसरे एक हिंदी प्रवासी होते. जमशेटजी टाटा. पुढे १८९८ मध्ये टाटांनी स्वामीजींना पत्र लिहिलं, त्यात या सहप्रवासाची आठवण काढली आहे. त्यांच्या मनातल्या विज्ञान संस्थेची बेंगळुरूला पुढे उभारणी झाली, ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. फारसं कुणी सांगत नाही ते हे, की टाटा त्या वर्षी जपानला कशासाठी गेले होते. ते गेले होते जहाजाच्या भाड्यासाठी भांडायला.

मुंबईहून चीन-जपानला कापूस आणि सूत नेण्यावर पी अँड ओ आणि तिच्या जोडीदार कंपन्यांची पकड होती. त्या म्हणतील ते भाडं. टाटांनी जपानच्या एनवायके कंपनीशी बोलणी केली, स्वतः जहाजं भाड्याने घेतली आणि 'टाटा लाइन' सुरू केली. पी अँड ओने काय केलं? भाडं जवळजवळ फुकटावर आणलं. टाटा लाइन लवकरच बंद पडली. जपानी कंपनी मात्र तगली, कारण तिच्यामागे जपानचे गिरणीवाले आणि जपानचं सरकार उभं राहिलं. टाटांच्या मागे कोण होतं? आपलं सरकार लंडनचं होतं आणि पी अँड ओसुद्धा लंडनचीच.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

आता खाली उतरू

रील बनवणारे इथे कॅमेरा नेत नाहीत. आपण नेऊ. खालच्या मजल्यावर स्टीअरेज, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्ग. वर १७० माणसं पसरून राहतात आणि खाली सुमारे ६०० माणसं दाटीवाटीने. बहुतेक चिनी मजूर. कॅनडाची रेल्वे बांधायला यांच्याच भाऊबंदांना नेलं होतं. रूळ टाकून झाल्यावर १८८५ मध्ये कॅनडाने चिनी माणसावर डोईपट्टी बसवली. माणशी ५० डॉलर. १९०३ पर्यंत ती ५०० डॉलर झाली. याच कंपनीच्या रेल्वेसाठी डोंगर फोडणाऱ्यांना याच कंपनीच्या जहाजातून उतरताना कर भरावा लागायचा.

अजून खाली मालाचे खण. चहा आणि रेशीम. व्हँकूव्हरला रेशीम उतरलं की खास आगगाड्या ते घेऊन न्यूयॉर्ककडे पळायच्या, रेशीम इतकं महाग. त्यापलीकडे टपालाच्या थैल्या. आणि अगदी तळाशी इंजिन, बॉयलर आणि कोळसा ओढणारी माणसं. दोन इंजिनं, मागे दोन पंखे, ताशी १६ नॉट वेग, म्हणजे आपल्या हिशेबात तीसेक किलोमीटर.

आता दलाल कधीच सांगत नाही ते सांगतो. हा सगळा थाट तिकिटांवर चालत नव्हता. टपाल नेण्याच्या कराराखाली ब्रिटन आणि कॅनडाची सरकारं मिळून या सेवेला वर्षाला ६०,००० पौंड देत होती. अट एवढीच, की युद्ध झालं तर जहाजावर तोफा चढवता आल्या पाहिजेत. म्हणजे दिवाणखान्यातल्या झुंबराखाली सरकारी तिजोरी होती आणि डेकच्या लाकडाखाली तोफेची जागा. खुली स्पर्धा, मुक्त व्यापार वगैरे प्रवचनं हिंदुस्थानला ऐकवायची. घरी मात्र अनुदान.

दिवाणखान्याचा दवाखाना झाला

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. जहाज आता २४ वर्षांचं, कंपनीकडे नवी मोठी जहाजं आलेली. वर्षअखेरीस ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांनी पुढाकार घेऊन हे जहाज विकत घेतलं आणि हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून सरकारला दिलं. नाव बदललं. 'लॉयल्टी', म्हणजे निष्ठा. अर्थात राजनिष्ठा.

ज्या खोल्यांतून लॉर्ड लोक आणि रेशमाचे व्यापारी झोपायचे, तिथे आता आघाड्यांवरून आलेले जखमी आणि आजारी शिपाई. जेवणाच्या दिवाणखान्यात खाटा.

आपल्या देवळालीचा आणि या जहाजी जगाचा संबंध इथे थोडा आठवावा. गोऱ्या सैनिकांना घेऊन जाणारी जहाजं वर्षभर चालत नसत, त्यांचा हंगाम ठरलेला असे. मुदत संपलेला शिपाई मुंबईच्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचा. उन्हाने, आजाराने, रिकामपणाने डोकं फिरायची वेळ यायची. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीचा आहे. समुद्रापासून दीडदोनशे किलोमीटर आत असलेलं आपलं गावसुद्धा जहाजाच्या वेळापत्रकाला बांधलेलं होतं, त्याचा हा पुरावा थेट इंग्रजी शब्दकोशात बसलाय.

गिऱ्हाईक आलं

१९१८ ला युद्ध संपलं. पाणबुड्यांनी ढिगाने जहाजं बुडवली होती, त्यामुळे जगभर जहाजांचा तुटवडा, भाडी गगनाला भिडलेली. नवं जहाज मागून मिळत नव्हतं. 'लॉयल्टी' रुग्णसेवेतून मोकळी झाली आणि महाराजांना ती विकायची आहे अशी खबर एका सोलापूरच्या कंत्राटदाराला लागली. आगगाडीच्या प्रवासात लागली, अशी हकिगत सांगतात. कंत्राटदाराचं नाव वालचंद हिराचंद दोशी. वय ३६. अनुभव रेल्वेच्या कामांचा, लक्ष्मणराव फाटकांबरोबरच्या भागीदारीतला. रूळ, खडी, माती यातला माणूस. जहाजाशी संबंध शून्य.

वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास अशा मुंबईच्या बड्या मंडळींना बरोबर घेतलं. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली. जहाज शिंद्यांचं म्हणून कंपनीचं नावही 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. भांडवल साडेचार कोटी रुपये जाहीर केलं. १९१९ चे साडेचार कोटी.

आता गिऱ्हाईक म्हणून तुम्ही या जहाजावर फिरा. जुनी गाडी घेताना आपण काय बघतो? रंग, सीट, टेप बघतो आणि खूश होतो. जाणकार माणूस बॉनेट उघडतो. 'लॉयल्टी'चं बॉनेट उघडलं तर चित्र असं होतं. वय २८ वर्षं. बॉयलर जुने, कोळसा खाणारे. जहाज उतारूंसाठी आणि टपालासाठी बांधलेलं, त्यामुळे मालाची जागा आकाराच्या मानाने थोडी. चार वर्षं दवाखाना म्हणून वापरलेलं, म्हणजे आतली सगळी मांडणी परत करायची. थोडक्यात दिसायला राणी, कमाईला पांढरा हत्ती.

तरी घेतलं. का घेतलं? कारण त्या वेळी जे हातात येतं ते जहाज. आणि दुसरं म्हणजे, पहिलं जहाज कमाईसाठी नसतंच. ते दारात पाय घालण्यासाठी असतं.

५ एप्रिल १९१९

'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली ती शनिवार ५ एप्रिल १९१९ रोजी. तारीख नीट बघा. दुसऱ्या दिवशी ६ एप्रिलला गांधीजींनी रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पुकारला होता. जहाज अजून वाटेत असताना १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. 'राजनिष्ठा' नावाचं जहाज हिंदी मालकीची कंपनी घेऊन लंडनला चाललंय आणि मागे देशातली राजनिष्ठा संपतेय. कादंबरीत लिहिलं असतं तर वाचकांनी लेखकाला म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

आणखी एक नाशिकची आठवण. त्याआधी नऊ वर्षं, १९१० मध्ये, नाशिकच्या जॅक्सन वधाच्या प्रकरणात सावरकरांना पकडून हिंदुस्थानात आणलं जात होतं ते 'मोरिया' या जहाजातून. त्यांची मार्सेलिसची उडी त्याच जहाजावरून. 'मोरिया' कुणाची? पी अँड ओची. कैदी न्यायचा तर त्यांचं जहाज, कापूस न्यायचा तर त्यांचं जहाज, साहेब आणायचा तर त्यांचं जहाज. समुद्रावरचा रस्ता एकाच मालकाचा होता.

हिंदी माणसाने तो मोडायचा प्रयत्न आधी केला नव्हता असं नाही. टाटांचं वर आलंच. १९०६ मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोला जहाजं सोडली. गोऱ्या कंपनीने भाडं पाडलं. १९०८ मध्ये पिळ्ळै राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले आणि कंपनी मोडली.

म्हणजे सिंधियाच्या मंडळींना समोर काय आहे ते पक्कं माहीत होतं.

जहाज मिळालं, माल कुठे आहे?

इथे मला सगळ्यात जास्त थांबायचंय, कारण खरी गोष्ट इथे आहे. पैसे असले की जहाज घेता येतं. पण जहाजाला माल लागतो, आणि माल बांधलेला होता.

कसा बांधलेला? त्या वेळी गोऱ्या कंपन्यांची एक पद्धत होती, लांबणीवर टाकलेल्या सुटीची. आपल्या भाषेत सांगतो. समजा पिंपळगावचा एक व्यापारी आहे. ट्रान्सपोर्टवाला त्याला म्हणतो, "शेठ, आज भाडं पूर्ण द्या. सहा महिने सगळा माल माझ्याच गाडीने पाठवलात, आणि त्यापुढचे सहा महिनेही निष्ठेने राहिलात, तर दहा टक्के परत. मधे एक खेप जरी दुसऱ्याच्या गाडीत टाकलीत, तर सगळी सूट बुडाली." आता नवा गाडीवाला आला आणि कमी भाडं सांगू लागला तरी व्यापारी हलेल का? त्याचे पैसे पहिल्याकडे अडकलेत. हेच समुद्रावर चालायचं. व्यापारी हिंदी, माल हिंदी, पण सुटीचा दोर लंडनच्या हातात.

दुसरं हत्यार भाडं पाडण्याचं. नव्या कंपनीचं जहाज ज्या बंदरात लागलं, तिथे गोऱ्या कंपनीचं जहाज लगेच हजर, भाडं निम्म्याहून कमी. रंगूनहून तांदूळ आणण्याच्या धंद्यात सिंधियाला याचा मार बसला. मोठी कंपनी दहा मार्गांवर कमावते, एका मार्गावर तोटा सोसते. लहान कंपनीला तो एकच मार्ग.

आणि तिसरं हत्यार खुर्ची. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. हेच लॉर्ड इंचकेप १९२२-२३ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चकपात समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्याच्याशी तुमची स्पर्धा, तोच सरकारी तिजोरीच्या चाव्या तपासतोय. त्यांनी सिंधिया विकत घ्यायचीही तयारी दाखवली होती. शेवटी १९२३ मध्ये करार झाला. सिंधियाने दहा वर्षं फक्त हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच धंदा करायचा, आणि एकूण ७५,००० टनांपेक्षा जास्त जहाजं ठेवायची नाहीत. परदेशी मार्ग बंद. ज्या कंपनीचं पहिलं जहाज थेट लंडनला गेलं, तिला लंडनचा रस्ताच मिटवून टाकला.

त्याच वर्षी, १९२३ मध्ये, 'लॉयल्टी' मुंबईत भंगारात काढली गेली. डेक, दिवाणखाना, खोल्या, सगळं तोडून विकलं. तिची बहीण 'एम्प्रेस ऑफ जपान', तिच्या पुढच्या टोकावर ड्रॅगनचं शिल्प होतं. ते व्हँकूव्हरच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवलंय आणि त्याची प्रतिकृती तिथल्या स्टॅन्ले पार्कमध्ये लोक आजही बघायला जातात. आपण आपल्या जहाजाची तारीख तेवढी जपली.

पण कंपनी मेली नाही. हा फरक महत्त्वाचा. सिंधियाने एका आलिशान जहाजावर डोळे लावून न बसता साधी मालवाहू जहाजं घेतली. 'जलदूत', 'जलविजय' अशा नावांची. ना दिवाणखाना, ना झुंबर. रुक्ष, कळकट, पण भाडं कमावणारी. राणी गेली, बैलगाड्या टिकल्या आणि बैलगाड्यांनीच घर चालवलं.

बाकीची लढाई कायदेमंडळात आणि गोदीत झाली. १९२७ मध्ये हिंदी तरुणांना जहाजावरचे अधिकारी बनवण्यासाठी मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं. तोवर रत्नागिरीचा माणूस पिढ्यान् पिढ्या खलाशी म्हणून चालत होता, अधिकारी म्हणून नाही. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक मांडलं. ते स्वातंत्र्यानंतर खरं झालं. १९२९ पासून वालचंद कंपनीचे अध्यक्ष. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. १४ मार्च १९४८ रोजी तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली, पंडित नेहरूंच्या हस्ते. सेकंडहँड 'लॉयल्टी'पासून स्वतःच्या गोदीत बांधलेल्या 'जलउषा'पर्यंत २९ वर्षं.

आणि हा माणूस आपला कसा?

मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. १९२३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी समुद्रावर हात बांधले गेले त्याच वर्षी, वालचंदांनी तिथे माळरान घेऊन शेती सुरू केली. १९३३ मध्ये साखर कारखाना, १९४२ मध्ये गोळ्या-चॉकलेटं. ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं, त्यांच्या जिभेवर 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' अजून असतील. 'रावळगाव'चे गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटी रुपयांना घेतले. ओझरचा एचएएलचा कारखाना रोज दिसतो ना? त्या एचएएलचं मूळ म्हणजे वालचंदांनी १९४० मध्ये बेंगळुरूला काढलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट. आपल्या जिल्ह्याच्या एका टोकाला त्यांची साखर, दुसऱ्या टोकाला त्यांच्या स्वप्नातली विमानं. पण त्यांच्या पहिल्या जहाजाचं नाव विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव गप्प बसतील. शाळेच्या पुस्तकात कधी आलंच नाही, त्यात मुलांचा काय दोष.

सिंधियाचं पुढे काय झालं? १९८० च्या दशकात ती कर्जात गेली आणि हळूहळू जहाजं संपली. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला 'सिंधिया हाऊस' नावाची देखणी इमारत उभी आहे. तिथे प्राप्तिकर खात्याची कार्यालयं. जून २०१८ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा बातम्यांतून हे नाव बऱ्याच वर्षांनी लोकांच्या कानावर पडलं. तेही प्राप्तिकराच्या संदर्भात.

मग आज हे सगळं कशाला उकरून काढलं?

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षांसाठी. दरवर्षी हंगामात इथून थंड केलेले कंटेनर न्हावा-शेवाला जातात आणि तिथून समुद्रमार्गे युरोपला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. कंपन्यांनी सुवेझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून जहाजं नेली. द्राक्षाला वाटेत जास्तीचे दिवस लागले, भाडं चढलं, आणि तो सगळा बोजा फिरत फिरत शेवटी बागेत येऊन उतरला. वळसा घ्यायचा की नाही, भाडं किती, कंटेनर कुणाला आधी, हे कुणी ठरवलं? जिनिव्हा, कोपनहेगन आणि मार्सेलिसला बसलेल्यांनी. कारण जगातल्या तीन सगळ्यात मोठ्या कंटेनर कंपन्यांची मुख्यालयं तिथे आहेत. त्या यादीत पहिल्या रांगेत आपली एकही कंपनी नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरच्या सभेत पंतप्रधानांनीच आकडा सांगितला. परदेशी जहाज कंपन्यांना भाड्यापोटी आपण वर्षाला सुमारे ६ लाख कोटी रुपये देतो. पूर्वी देशाच्या व्यापाराचा ४० टक्के वाटा आपल्या जहाजांतून जायचा, आता जेमतेम ५ टक्के. त्याच महिन्यात जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंत्रिमंडळाने मंजूर केलं. पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झालीच आहे आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या जमिनीवरून आपल्या भागात चर्चा रंगतायत.

बंदर हवं, रस्ता हवा, त्याबद्दल वाद नाही. ज्यांची जमीन आणि ज्यांची मासेमारी जाणार त्यांचं आधी नीट ऐका, एवढंच. पण 'लॉयल्टी'च्या फेरीतून मला जे दिसतं ते असं, की बंदर म्हणजे फक्त एसटी स्टँड. स्टँड कितीही चकाचक बांधा, गाडी दुसऱ्याची असेल तर तिकिटाचा दर तोच ठरवणार. १८९३ चा टाटांचा कापूस असो की २०२४ ची निफाडची द्राक्षं, पिकवणारा आपला, विकणारा आपला, आणि मधला रस्ता दुसऱ्याचा.

आणि दुसरी गोष्ट. ज्या ज्या देशाची जहाजं समुद्रावर टिकली, त्या प्रत्येकाच्या मागे त्याचं सरकार वर्षानुवर्षं उभं राहिलं. ब्रिटनने टपालाच्या नावाखाली पैसे दिले, जपाननेही आपली कंपनी तोलून धरली. पॅकेज एका दिवसात जाहीर होतं, पण सिंधियाला गोदी उभारायला आणि पहिलं जहाज पाण्यात सोडायला २९ वर्षं लागली. एवढा धीर पुढच्या चार-पाच सरकारांकडे असेल का, हा खरा प्रश्न आहे. हा प्रश्न फक्त दिल्लीला विचारून भागणार नाही. आपल्या खासदारांना, द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्याला येणाऱ्या मंत्र्यांनाही विचारा. "साहेब, बंदर कधी होणार" हे विचारून झालं असेल, तर पुढचं विचारा. "त्या बंदरात लागणारी जहाजं कुणाची असणार?"

रावळगाव, मालेगावच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी कारखान्याच्या जुन्या दिवसांचे फोटो, कागद असतील, आजोबा तिथे कामाला असतील, तर खाली कमेंटमध्ये जरूर लिहा. आणि द्राक्ष निर्यात करणाऱ्या मित्रांनी गेल्या हंगामात एका कंटेनरला भाडं किती मोजलं ते सांगा. त्यावर पुढची पोस्ट लिहितो.